सायलेन्सरचा पोचा काढूनही पुन्हा का दिसतो?

मोटरसायकलच्या सायलेन्सरला किंवा बेंड पाइपला, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत जाणाऱ्या वळणदार नळीला, पोचा पडतो, घरीच खटपट करून तो काढला जातो, वरून रंग दिला जातो आणि थोड्याच दिवसांत त्याच जागी पुन्हा खळगा दिसू लागतो. काहींचा पोचा अर्धाच वर येतो आणि त्याला लागून नवा फुगवटा तयार होतो, तर काहींच्या बाबतीत पोचा पूर्ण जातो, पण त्याच्या कडेने केसाएवढी चीर उमटते. काही गाड्या दुरुस्तीनंतर थ्रॉटल सोडताच फटफट आवाज करू लागतात. चीर आणि फटफट आवाज यांची आणखी काही कारणे पुढे येतीलच, पण पोचा परत दिसणे आणि फुगवटा येणे यांच्या मुळाशी माझ्या मते बहुधा दोनच गोष्टी असतात. पहिली म्हणजे पोचा मधून वर काढण्याचा प्रयत्न झालेला असतो, वास्तविक तो कडांपासून सोडवायला हवा होता. दुसरी म्हणजे पोचा ज्या कारणाने पडला ते कारण गाडीवर तसेच शिल्लक राहिलेले असते.

पहिली गोष्ट नीट समजली की पुढचे बरेचसे काम सोपे होते. गोल नळीवर आघात होतो तेव्हा पत्रा आत जातो आणि आत गेलेल्या भागाभोवती एक उंचवट्याची कड तयार होते. ही कड आघाताच्या अखेरीस घट्ट झालेली असते आणि तीच पोच्याला आत धरून ठेवते. त्यामुळे पत्रा ज्या क्रमाने वाकला त्याच्या उलट क्रमाने तो परत न्यावा लागतो, म्हणजे आधी कड सैल करायची आणि मग मधला भाग वर घ्यायचा. कड तशीच ठेवून मधला भाग ओढला किंवा तापवून फुगवला, तर तेथील पत्रा ताणला जाऊन पातळ होतो. ताणलेल्या पत्र्याला आपल्या मूळ जागेत बसायला जागा पुरत नाही. थंड असताना तो वर उभा राहतो, पण इंजिन तापून त्याचे प्रसरण झाले किंवा त्यावर थोडा दाब आला की पुन्हा आत बसतो. अंगठ्याने दाबल्यावर जो भाग टक् असा आवाज करून आत-बाहेर होतो, तो असा ताणलेला भाग असतो. तो पुन्हा ओढून काही साधत नाही. त्यावर छोट्या छोट्या ठिपक्यांएवढी उष्णता देऊन पत्रा आकसवावा लागतो किंवा तेवढा तुकडा बदलावा लागतो.

हात घालण्यापूर्वी काय पाहावे

सर्वप्रथम हा पोचा काढण्याची गरज आहे का, हे ठरवावे. चार-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरच्या बाहेरच्या कवचावर पडलेला उथळ पोचा दिसायला वाईट असला तरी इंजिनाच्या चालण्यावर त्याचा जवळपास काहीच परिणाम होत नाही, कारण वायू आतल्या नळ्यांमधून जातात. बेंड पाइपचे तसे नाही. आतून ३५ मिलिमीटर व्यासाच्या नळीची एक बाजू ५ मिलिमीटर खोलीपर्यंत सपाट झाली आणि दुसऱ्या बाजू फुगल्या नाहीत असे धरले, तर वायूला जाण्याची जागा साधारण ९ टक्क्यांनी घटते. तीच खोली १० मिलिमीटर असेल तर घट जवळपास २४ टक्क्यांवर जाते. म्हणजे खोली दुप्पट झाली की अडथळा दुपटीहून बराच अधिक वाढतो. त्यामुळे बेंड पाइपवरचा खोल पोचा मात्र काढलाच पाहिजे.

दोन-स्ट्रोक गाडीचा फुगीर चेंबर, म्हणजे मध्ये रुंदावून पुढे निमुळती होणारी एक्झॉस्टची नळी, हा प्रकार आणखी नाजूक. तेथे नळीचा आकार हाच इंजिनाच्या शक्तीचा एक भाग असतो. एक्झॉस्ट पोर्टमधून (सिलिंडरमधील जळका वायू बाहेर पडण्याच्या भोकातून) सुटलेली दाबाची लहर रुंदावणाऱ्या शंकूवर पोचते तेव्हा उलट फिरून सिलिंडरमधील जळका वायू ओढून घेते, आणि पुढे निमुळत्या होणाऱ्या शंकूवर आपटून परतलेली लहर बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी शर्यतीच्या गाड्यांसाठी या तत्त्वावर जे काम केले, त्यातूनच दोन-स्ट्रोक इंजिने इतकी ताकदवान झाली. अशा चेंबरच्या पोटावर पडलेला लहान पोचा खपून जातो, पण इंजिनाजवळच्या अरुंद नळीत किंवा शंकूच्या सुरुवातीला पडलेला पोचा गाडीच्या ओढीत जाणवतो.

त्यानंतर धातू ओळखावा. चुंबक चिकटला तर ते साधे पोलाद किंवा ४०९ सारखे चुंबकीय स्टेनलेस असते; चिकटला नाही तर ३०४ जातीचे स्टेनलेस, अॅल्युमिनियम किंवा टायटॅनियम असू शकते. वजन आणि रंगावरून यांतला फरक सहज कळतो. टायटॅनियमला घरी ज्वाला लावू नये, कारण तापल्यावर ते हवेतील ऑक्सिजन शोषून ठिसूळ होते. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याआधी लाल होऊन कोणतीही सूचना देत नाही, त्यामुळे अनुभव नसलेल्या हातांत ते क्षणात गळून पडते. क्रोमचा मुलामा असलेल्या सायलेन्सरला आच दिली की तेथील मुलामा निळा पडतो किंवा सुटतो, आणि तो घरी परत आणता येत नाही. हे आधीच मान्य असेल तरच पुढे जावे.

आता पत्र्यात किती जीव उरला आहे ते तपासावे, कारण चिरा पडण्याचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते. १ लिटर पेट्रोल जळले की वाफेच्या रूपाने साधारण १ लिटर पाणी तयार होते. थोड्याच अंतरासाठी गाडी वापरली तर सायलेन्सर पुरेसा तापत नाही, ही वाफ आतच थंड होते आणि तळाशी पाणी साठते. पोचा खालच्या बाजूला असेल तर आत त्याचा उंचवटा होतो आणि त्याच्या आडोशाला पाणी अडून राहते. म्हणून जुन्या पोच्याच्या भोवतालचा पत्रा आतून गंजून कागदासारखा झालेला असू शकतो, बाहेरून मात्र रंग शाबूत दिसतो. लहान हातोडीने पोच्याभोवती हलकेच ठोकत जावे. निरोगी पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बद्द येतो. शंका आल्यास टोच्याच्या टोकाने जोर देऊन पाहावा. टोक आत घुसले तर तेथे पोचा काढण्याचा विचार सोडून तुकडा बदलण्याचा विचार करावा.

बेंड पाइपच्या बाबतीत आणखी एक पाहणी आवश्यक आहे. अनेक गाड्यांचे बेंड पाइप दुहेरी असतात. बाहेर दिसणाऱ्या नळीच्या आत वायू वाहून नेणारी दुसरी नळी असते. आत बॅटरीचा प्रकाश टाकून किंवा बोट घालून पाहिल्यास आतली नळी गोल आहे की दबली आहे ते कळते. फक्त बाहेरची दबली असेल तर ते केवळ दिसण्याचे काम उरते.

कोणता उपाय कोठे चालतो

दोन-स्ट्रोक चेंबर किंवा आतून पूर्ण मोकळी असलेली साध्या पोलादाची नळी यांसाठी हवेचा हलका दाब आणि उष्णता ही पद्धत सर्वांत चांगली ठरते. पण तिच्यातला धोका खरा आहे, म्हणून ती मी सविस्तर सांगतो. चेंबर गाडीवरून उतरवावा. दोन-स्ट्रोक गाडीच्या चेंबरमध्ये तेलकट काजळीचा थर असतो आणि ज्वाला लावल्यावर तो आत पेटू शकतो, त्यामुळे आधी तो काढावा लागतो. पोलादासाठी कॉस्टिक सोड्याचे द्रावण उपयोगी पडते. हातमोजे व चष्मा घालून सोडा पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर ओतू नये, आणि अॅल्युमिनियमवर हे द्रावण वापरूच नये. पेट्रोलने धुणे टाळावे. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरचा अंशही राहू देऊ नये, कारण ज्वालेशी त्याचा संबंध आल्यास फॉस्जीन हा अतिविषारी वायू तयार होतो. धुतल्यानंतर दोन्ही तोंडे उघडी ठेवून चेंबर पूर्ण कोरडा होऊ द्यावा.

मग एका तोंडाला रबरी बूच आणि दुसऱ्या तोंडाला ट्यूबचा वॉल्व बसवलेले बूच घट्ट लावावे. दोन्ही बुचांना बाहेरून आडवी पट्टी किंवा मजबूत बंध असावा. ४० मिलिमीटर व्यासाच्या तोंडावर केवळ १ बार, म्हणजे साधारण १५ पीएसआय दाब असला तरी बुचावर जवळपास १३ किलोचा भार पडतो. ४ बारला तोच भार ५० किलोंच्या पुढे जातो. सुटलेले बूच हाड मोडू शकते, म्हणून बुचाच्या रेषेत स्वतः उभे राहू नये आणि कोणाला उभे राहू देऊ नये. हवा कंप्रेसरने न भरता दाबमापक असलेल्या हातपंपाने भरावी, म्हणजे आत मोजकीच हवा जाते. दाब १ बारच्या आसपास ठेवावा. चेंबर तापू लागला की आतील हवाही तापून दाब वाढतो, त्यामुळे मापकाकडे सतत लक्ष असावे.

ज्वाला पोच्याच्या मध्यावर न ठेवता कडेच्या उंचवट्यावर गोल गोल फिरवावी. साध्या पोलादाची ताकद ६०० अंशांना मूळच्या निम्म्याहून खाली येते आणि ८०० अंशांना दहाव्या हिश्श्याच्या आसपास उरते. मंद उजेडात पत्रा गडद लाल दिसू लागला की तो पहिल्या टप्प्यात पोचला असे समजावे, आणि चेरीसारखा लाल झाला की तो हवेच्या थोड्या दाबानेही हलू लागतो. कड सैल झाली की पोचा आपणहून उथळ होत जातो आणि त्यानंतरच ज्वाला हळूहळू मध्याकडे न्यावी. घाईने मध्यावर आच दिली तर तेथे बुडबुड्यासारखा फुगा येतो आणि भोवतीची कड जशीच्या तशी राहते. अर्ध्या निघालेल्या पोच्याशेजारी जो फुगवटा दिसतो तो असाच आलेला असतो. पत्रा नारिंगी होऊ देऊ नये. काम पुढे सरकत नसेल तर दाब वाढवण्याचा मोह टाळून उष्णता कोठे पडते आहे ते तपासावे. ऑक्सि-अॅसिटिलीनची लहान, टोकदार ज्वाला या कामाला उत्तम, कारण ती हवी तेवढीच जागा तापवते. साध्या एलपीजी टॉर्चने आच पसरते, त्यामुळे चांगला भागही मऊ पडून फुगण्याची शक्यता असते. वेल्डिंगच्या जोडावर जास्त वेळ आच ठेवू नये.

पोचा वर आल्यावर दाब पूर्ण सोडावा आणि मगच उरलेले उंचवटे पत्रा लाल असताना हलक्या हातोडीने बसवावेत. नंतर हवेतच थंड होऊ द्यावे. तापलेल्या पातळ पत्र्यावर पाणी ओतल्यास तो वेडावाकडा ओढला जातो.

नळीत पाणी भरून ती गोठवण्याचा उपाय अनेकजण सुचवतात. पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगते हे खरे, पण ते कोठे फुगावे हे आपल्या हातात नसते. बर्फाला पोच्याची घट्ट झालेली कड सोडवण्यापेक्षा शिवणीचा जोड उघडणे सोपे जाते. हा उपाय मी कोणालाही सुचवणार नाही. गरम करून लगेच बर्फ किंवा थंड फवारा मारण्याची युक्तीही गाडीच्या टाकीसारख्या मोठ्या सपाट पत्र्यावर क्वचित चालते. नळीच्या वळणदार आणि घट्ट पत्र्यावर तिचा परिणाम होत नाही.

बेंड पाइपच्या सरळ भागातील पोच्यासाठी आतून दाबणे अधिक खात्रीचे असते. पितळी वाद्ये दुरुस्त करणारे कारागीर नळीत क्रमाक्रमाने मोठे होत जाणारे धातूचे गोळे फिरवून पोचे काढतात, तेच तत्त्व येथे लागू पडते. लेथवर कातलेला, पुढून निमुळता आणि मागे नळीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित लहान असा पोलादी तुकडा आट्यांच्या गजावर बसवून, ग्रीस लावून, नट फिरवत पोच्यातून ओढत न्यावा. ओढताना बाहेरून कडेवर हलकेच ठोकत राहिल्यास पत्रा लवकर सुटतो. पहिला तुकडा लहान घ्यावा, पुढचा मोठा. वळणावर सरळ गजाने हे साधत नाही, आणि तिथे जोर केला तर गज आतली भिंत खरवडतो.

चार-स्ट्रोक सायलेन्सरच्या बंद कवचाला मात्र हवेचा दाब उपयोगी पडत नाही. आत छिद्रांची नळी, पडदे आणि कित्येकदा ग्लासवूल (काचतंतूंचा कापूस) असते, दाब पोच्यापर्यंत सारखा पोचत नाही आणि बाहेर पडायला वाटाही अनेक असतात. येथे बाहेरूनच ओढावे लागते. काळ्या रंगाच्या पोलादी सायलेन्सरवर पोच्याच्या सर्वांत खोल रेषेत वॉशर किंवा खिळे टाके मारून वेल्ड करावेत आणि सरकत्या वजनाच्या पुलरने ते ओढावेत, त्याच वेळी दुसऱ्या हाताने कडेच्या उंचवट्यावर ठोकत राहावे. ओढ आणि ठोका एकाच क्षणी बसला पाहिजे. नुसती ओढ दिली तर मध्ये टोके उभी राहतात आणि ती घासताना भोक पडते. चकचकीत स्टेनलेस कवचावर उथळ, गुळगुळीत पोचा असेल तर गरम गोंदाच्या टॅबने ओढून पाहावे, कारण त्यात पृष्ठभागाचे नुकसान होत नाही. तीक्ष्ण कडेचा पोचा मात्र गोंदाला दाद देत नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील घातक वायू कमी करणारा भाग, कोठे आहे हे ठोकण्यापूर्वी शोधलेच पाहिजे. त्याच्या आतील मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी अनेकदा सिरॅमिकची असते आणि बाहेरून बसलेल्या ठोक्याने ती तडकते. दुरुस्तीनंतर सायलेन्सर हलवल्यावर आत खुळखुळ आवाज आला तर ही जाळी किंवा आतला पडदा सुटला असे समजावे. जाळीचे तुकडे पुढे जाऊन वाट अडवतात आणि गाडी वर चढेनाशी होते. ऑक्सिजन सेन्सर (धुरातील ऑक्सिजन मोजणारा भाग) असेल तर तोही आधी काढून ठेवावा.

पोचा खोल आणि तीक्ष्ण असेल, किंवा पत्रा पातळ झाला असेल, तर तेवढी चौकट कापून, ऐरणीवर किंवा वाळूच्या पिशवीवर सरळ करून, अथवा त्याच जातीच्या आणि जाडीच्या पत्र्याचा नवा तुकडा घडवून, टिग वेल्डिंगने (आर्गॉन वायूच्या आवरणाखाली केलेल्या वेल्डिंगने) बसवणे हा सर्वांत टिकाऊ मार्ग आहे. कोपरे गोल कापावेत, कारण काटकोनी कोपऱ्यातूनच पुढे चीर सुरू होते. स्टेनलेस असेल तर नळीच्या आतूनही आर्गॉन सोडावा लागतो. तसे न केल्यास जोडाच्या आतील बाजूस काळपट, दाणेदार थर जमून जोड ठिसूळ होतो. वेल्डिंगचा धूर, विशेषतः स्टेनलेस आणि क्रोमवरचा, श्वासात जाऊ देऊ नये. जस्ताचा मुलामा असलेले तुकडेही या कामात वापरू नयेत.

भरून काढण्याचा मोह

पोचा न काढता पुट्टी भरण्याचा मार्ग आकर्षक वाटतो, पण गाडीच्या बॉडीसाठीची पॉलिएस्टर पुट्टी एक्झॉस्टची उष्णता सोसू शकत नाही. ती प्रथम पिवळी पडते, मग तडकते आणि शेवटी खपली होऊन निघते. कथलाचा डागही चालत नाही. शिसे-कथलाचे नेहमीचे मिश्रण १८३ अंशांच्या आसपासच वितळते, आणि बेंड पाइपचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो. लहानसा उरलेला खळगा भरायचाच असेल तर पितळी ब्रेझिंग करून, म्हणजे वितळलेले पितळ भरून, घासून घ्यावे.

रंगासाठी सिलिकॉनवर आधारित, ६०० अंश किंवा त्याहून अधिक उष्णतेसाठी बनवलेला रंगच घ्यावा. नेहमीचा प्रायमर खाली देऊ नये, तो जळतो आणि वरचा थर घेऊन सुटतो. पृष्ठभाग उघड्या धातूपर्यंत घासावा, तेलाचा अंश काढावा, बोटांनी स्पर्श न करता पातळ थर द्यावेत. हा रंग उष्णतेनेच पक्का होतो, म्हणून पहिल्यांदा इंजिन थोडा वेळ चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे, मग जरा जास्त वेळ चालवून पुन्हा थंड करावे आणि त्यानंतरच गाडी रस्त्यावर न्यावी.

पोचा त्याच जागी पुन्हा पडत असेल तर

पत्रा टक् करून बसलेला नसून नेमक्या त्याच जागी आघाताचा नवा पोचा दिसत असेल तर दोष दुरुस्तीत नसून गाडीत असतो. मधला स्टँड वर घेतल्यावर तो ज्या रबरी ठोकळ्यावर विसावतो, तो ठोकळा झिजला किंवा पडला, की प्रत्येक वेळी स्टँडचा दांडा थेट सायलेन्सरवर आदळतो. स्टँडची स्प्रिंग ढिली असेल तर खडबडीत रस्त्यावर हेच आघात सतत होत राहतात. सायलेन्सर धरणाऱ्या पट्टीतील रबरी बूश फाटले किंवा पट्टी वाकली तर सायलेन्सर खाली उतरतो आणि गतिरोधकावर किंवा मागच्या चाकाच्या दांड्यावर घासतो. हे तपासण्यासाठी संशयाच्या जागी ओल्या मातीचा किंवा क्लेचा गोळा ठेवावा, मागे कोणाला तरी बसवून गाडी खाली दाबावी, स्टँड वर-खाली करावा आणि गोळा किती चेपला ते पाहावे. किमान बोटभर अंतर शिल्लक राहायला हवे, कारण इंजिनही आपल्या रबरांवर हलत असते.

चीर पुन्हा त्याच ठिकाणी येत असेल तर जोडणीचा क्रम पाहावा. दुरुस्तीत नळीचा आकार किंचित बदललेला असतो आणि ती जोर लावून बोल्टमध्ये बसवली, तर तो ताण कायमचा पत्र्यात राहतो. वर इंजिनाचे थरथरणे आणि तापणे-निवणे सुरू असतेच. म्हणून सर्व नट-बोल्ट आधी फक्त हाताने लावावेत, नळी कोठेही न ओढता आपल्या जागी बसते याची खात्री करावी, मग इंजिनाकडचे नट सारखे कसावेत आणि त्यानंतर मागच्या पट्ट्यांचे. बोल्टचे भोक जुळत नसेल तर नळी वाकवण्यापेक्षा पट्टीचे भोक लांबट करणे बरे.

थ्रॉटल सोडताना फटफट आवाज येत असेल तर बहुधा इंजिनाच्या तोंडाशी हवा शिरत असते. तेथील गॅस्केट (जोड हवाबंद करणारे कडे) एकदा दाबली गेली की पुन्हा तशी बसत नाही, त्यामुळे दर वेळी नवीन घालावी. तांब्याचे साधे कडे असेल आणि नवे मिळत नसेल तर ते लाल तापवून पाण्यात बुडवावे. तांबे त्याने कडक न होता मऊ पडते आणि पुन्हा दाबले जाऊ शकते. जोडावर सिलिकॉन सीलंट लावण्याची सवय असल्यास ती सोडावी, कारण त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर बिघडवते. गळती शोधण्यासाठी थंड इंजिन सुरू केल्याबरोबर जोडांवर साबणाचे पाणी शिंपडून बुडबुडे येतात का ते पाहावे. काही दिवसांनी जोडाभोवती काजळीची काळी रेघ उमटली असेल तर गळती उरली आहे हे नक्की.

पहिल्या लांब फेरीनंतर इंजिन पूर्ण निवले की सर्व नट पुन्हा एकदा कसून पाहावेत, कारण नवी गॅस्केट पहिल्याच उष्णतेत थोडी दबते आणि घट्ट वाटलेले नट सैल पडतात.